वाचकांचे प्रश्न : काळ्या दगडाच्या देवळाला रंग द्यावा का?

प्रश्न : आमच्या गावात यादवकाळातले म्हणून सांगितले जाणारे महादेवाचे दगडी देऊळ आहे. ते सरकारी संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. महाशिवरात्रीच्या आत जीर्णोद्धार करायचा, म्हणजे बाहेरून ऑइलपेंट द्यायचा, गाभाऱ्यात ग्रॅनाइटची फरशी बसवायची आणि दगडांचे सांधे सिमेंटने भरायचे, असा ठराव ग्रामसभेत झाला असून वर्गणीही जमली आहे. काही तरुण विरोध करत आहेत. योग्य काय?
(एक वाचक, अकोले तालुका)

उत्तर : ग्रामस्थांनी खिशातले पैसे काढले, ते देवावरच्या श्रद्धेपोटीच, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही स्पष्ट सांगतो, की रंग देऊ नये, गाभाऱ्यात फरशी बसवू नये आणि सिमेंटची गोणी तर देवळाच्या आवारातही आणू नये.

अशी देवळे बहुधा चुन्याशिवाय रचलेली असतात. घडीव दगडाला खाच आणि कूस, म्हणजे खाचेत बसणारा उंचवटा, ठेवून तो दुसऱ्यावर बसवतात, आणि वरच्या दगडाचे वजनच खालच्याला जागेवर धरून ठेवते. पावसाळ्यात आत शिरलेली ओल पुढे उन्हात याच सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटने सांधा बंद केला की पाणी आत येण्याची वाट कुठेतरी वर शिल्लक राहते आणि बाहेर पडण्याची मात्र बंद होते. शिवाय सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात उतरतात. रंगाचेही तसेच आहे. आपला काळा पाषाण घट्ट खरा, पण त्यात बारीक पोकळ्या आणि पांढरट खनिजांचे ठिपके असतात, आणि शेकडो पावसाळे सोसल्यावर त्याचा वरचा थर हळवा झालेला असतो. ऑइलपेंटच्या पडद्यामागे अडकलेली ओल सुकते तेव्हा क्षारांचे स्फटिक होतात आणि ते हा थर आतून ढकलत राहतात. एका देवळाच्या जंघेवरून, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या मूर्ती कोरलेल्या मधल्या भागावरून, सुटलेला रंगाचा पापुद्रा मी हातात घेऊन उलटा केला, तेव्हा त्याच्या पाठीला दगडाची पातळ साल चिकटून आली होती आणि तिच्यावर सुरसुंदरीच्या (भिंतीवर कोरलेल्या अप्सरेच्या) पैंजणाचे तीन मणी स्पष्ट दिसत होते. ते मणी आता मूर्तीच्या पायावर नाहीत.

पूर्वीही देवळे रंगवत असत, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात गिलावा आणि रंग यांचे अवशेष आजही दिसतात. मात्र तो गिलावा आणि खनिज रंग ओल बाहेर जाऊ देणारे होते. डब्यातला चकचकीत रंग तसा नसतो.

फरशीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हे नुकसान चटकन लक्षात येत नाही. मूळ गाभाऱ्याच्या जमिनीला उतार असतो आणि अभिषेकाचे पाणी त्या उताराने प्रणालातून, म्हणजे मगरीच्या तोंडासारख्या पन्हाळीतून, बाहेर पडते. वर दोन-तीन इंच मसाला आणि फरशी आली, की हा उतार मोडतो, प्रणालाचे तोंड बुजते आणि रोजचे अभिषेकाचे पाणी फरशीच्या खाली मुरून पायात जाते. त्यातच उंबऱ्यावरचे कीर्तिमुख (सिंहासारखे कोरीव मुख) आणि समोरची चंद्रशिला (अर्धगोल पायरी) अर्धी गाडली जाते ती वेगळीच.

मग जमलेली वर्गणी कशासाठी वापरावी? पाण्यासाठी. मंडपाच्या छतावर साचलेली माती आणि गवत काढावे, प्रणाल मोकळा करावा, जोत्याच्या भोवती वाढलेला मातीचा भराव उतरवून पावसाचे पाणी दूर नेणारा चर काढावा. शिखरात रुजलेला पिंपळ किंवा उंबर उपटू नये, कारण मुळांबरोबर दगडही निखळतात. तो बुंध्याशी छाटून जाणकाराकडून मुळे मारून घ्यावीत. छताला गळती असेल, तर चुन्याचे काम येणारा कारागीर शोधावा. काहीही करण्यापूर्वी प्रत्येक बाजूची, प्रत्येक खांबाची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. आधीच्या पिढीने कुठे रंग दिलेला असेल, तर तो वाळूचा मारा करून किंवा ग्राइंडरने काढू नये, त्याने कोरीव कामाच्या कडाच जातात. ते काम रसायनतज्ज्ञाच्या हातचे आहे. आपल्याच तालुक्यात रतनवाडीचे अमृतेश्वर आहे. ठराव करणाऱ्या मंडळींना एकदा तिथे नेऊन उघडा दगड दाखवावा, माझ्या उत्तरापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली देवळाला संरक्षण मिळावे, असा प्रस्ताव पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाकडे ग्रामसभेच्या ठरावासह देता येतो. संरक्षण मिळाले की पूजा बंद होते, ही भीती अनाठायी आहे. सिन्नरचे गोंदेश्वर आणि अंबरनाथचे शिवमंदिर ही दोन्ही केंद्र संरक्षित आहेत आणि दोन्हीकडे महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षणात कोणते नियम लागू होतील, एवढे मात्र विभागीय कार्यालयात विचारून आजूबाजूच्या घरमालकांना आधीच सांगावे.

प्रश्न : आपल्याकडची सगळी हेमाडपंती मंदिरे हेमाडपंतांनीच बांधली का?
(एक वाचक, वाशिम)

उत्तर : नाही. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हे महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख, होते. त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहारांच्या राजवटीतला आहे. हेमाद्रींच्या दोनशे वर्षे आधीचा. तरी त्या मंदिरालाही सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. लोकांनी चुन्याशिवाय रचलेल्या प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हे नाव दिले आणि ते रूढ झाले. बोलताना ते वापरायला माझी हरकत नाही. पण माहितीफलकावर कोरताना शिलाहारकालीन किंवा यादवकालीन, आणि शिखराची घडण ओळखता आली तर भूमिज (छोट्या शिखरांच्या ओळींनी बनलेल्या शिखराची शैली), असे नेमके लिहावे.

प्रश्न : शेत नांगरताना कोरीव शिळा निघाली. खाली लढणारी माणसे, मध्ये स्त्रिया, वर पिंड आणि चंद्रसूर्य आहेत. काय करावे?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : हा वीरगळ आहे, आणि तो खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली वीराचे युद्ध आणि मरण, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजेत रमलेला तो. गाई राखताना किंवा गावाचे रक्षण करताना पडलेल्या माणसाची ही आठवण आहे, म्हणून ती पायरीला किंवा धुणे धुवायला वापरली जाऊ नये. जमिनीतून निघालेल्या वस्तूची वर्दी १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. अर्ज तहसील कार्यालयात दिला तरी पुढे जातो. माती सुक्या मऊ ब्रशने झाडा, शेंदूर किंवा चुना लावू नका, सिमेंटमध्ये रोवू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्या आणि गट क्रमांक व शिळा किती फूट खोल सापडली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.