आधी बेसिक विचार

प्रिय मित्रा,

तुझी दोन्ही ऑफर लेटर वाचली. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा महिन्याचा पगार, दोन्हीकडे 21,500, पण दुसऱ्या कंपनीत हातात 840 रुपये जास्त पडतात म्हणून तुझा कल तिकडे. थांब जरा. मुलाखतीत शिफ्ट विचारलीस, बस विचारलीस, कॅन्टीनसुद्धा विचारलंस. बेसिक अधिक डीए, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, किती, एवढंच राहिलं.

पहिलीकडे बेसिक-डीए 15,000 आहे. त्यावर 12 टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) म्हणजे 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा झाला की हातात 19,500. (फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेव्हा घाबरू नकोस.) दुसरीकडे बेसिक फक्त 8,000. उरलेले 13,500 घरभाडं, प्रवास आणि ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये वाटून टाकलेत. पीएफ 960, म्हणून हातात 20,340. अरे, हे 840 तुझ्याच पीएफचे आहेत! शिवाय तुझी कपात घटली की कंपनीचा हिस्साही तेवढाच घटतो. पीएफ आणि पेन्शन मिळून महिन्याला 1,680, वर्षाला 20,160 रुपये तुझ्या नावावर कमी जमा होणार.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचंही तेच. कंपनीने नुसता बेसिक-डीए धरला, तर हिशेब असा: शेवटचा बेसिक-डीए, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. आजच्याच आकड्यांवर 10 वर्षांचे पहिलीकडे 86,538, दुसरीकडे 46,154. ओव्हरटाइम ‘दुप्पट दराने’ असं दोन्ही पत्रांत आहे. दुप्पट कशाच्या? नुसत्या बेसिक-डीएवर, 26 दिवस आणि 8 तास धरून हिशेब केला, तर पहिलीकडे तासाला 144 आणि दुसरीकडे 77 रुपये. म्हणून पुन्हा सांगतो, आधी बेसिक विचार.

‘स्पेशल अलाउन्स’ या नावाला फसू नकोस. किमान वेतनाच्या सरकारी तक्त्यातला ‘विशेष भत्ता’ म्हणजे महागाई भत्ताच, तो दर जानेवारी-जुलैत बदलतो. कंपनीचा स्पेशल अलाउन्स ही निराळी चीज आहे. त्यामुळे दुसरीकडचा 8,000 चा बेसिक, एवढाच तुझ्या उद्योगाच्या, तुझ्या परिमंडळाच्या (किमान वेतनासाठी आखलेल्या भागाच्या) तक्त्याशी ताडून बघ. सरसकट सगळ्यांना मिळणारा असा भत्ता पीएफसाठी पगारातच धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. त्याच वर्षीच्या वेतन संहितेनुसार घरभाडं, प्रवास असे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर निम्म्याच्या वरची रक्कम वेतनात धरायची. तुझी दुसरी कंपनी हे पाळते का, ते एचआरला लेखी विचार. तोंडी ‘होऊन जाईल’ हे उत्तर नाही.

तुझ्या मित्राचं ‘तीन लाखांचं पॅकेज’ मध्ये आणू नकोस. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुझ्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कंपनीचा पीएफ हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, दिवाळीचा बोनस, विम्याचा हप्ता असं काहीही बसवता येतं. त्याचाही बेसिक विचार, मग तुलना कर. आणि ठेकेदाराकडची ‘700 रुपये ड्युटी’ 12 तासांची असेल, तर 8 तास साधे आणि 4 तास दुप्पट धरून 16 ने भाग. तासाला 43 रुपये 75 पैसे. आठ तासांच्या दिवसाला 350 झाले, 700 नव्हे.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी अडचणीची आहे. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्याची वेतनमर्यादा 21,000; पूर्ण ग्रॉस धरलं तर तू 500 रुपयांनी बाहेर पडतोस, म्हणून कोणती रक्कम धरतात ते विचार. बाहेर पडत असशील, तर कंपनीचा मेडिक्लेम आहे का, आईवडील त्यात येतात का, हे विचार.

असं खोदून विचारणाऱ्या पोराला ‘पैशाचा लोभी’ म्हणतात. मीही हे आयुष्यभर ऐकत आलोय आणि माझं मत तसूभर बदललेलं नाही. जो आपल्या घामाचा हिशेब मागतो त्याला लोभी म्हणणाऱ्यांची मला पर्वा नाही, तूही करू नकोस. मात्र आवाज चढवायचा नाही. ईमेल कर, चार ओळींचा: बेसिक-डीए किती, पीएफ किती रकमेवर, ओव्हरटाइमचा दर कशावर, गैरहजेरीची कपात 26 ने भागून की 30 ने. (21,500 वर एका दिवसाचा फरक 110 रुपयांचा आहे.)

पहिली कंपनी घेतलीस, तर पहिल्या पगारानंतर उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून 1,800 ची नोंद आलीय का बघ. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत दिसली नाही, तर स्लिप आणि पासबुक दोन्हींचे फोटो मला पाठव.

तुझा,
काका