झिर्दाल सापडत नाही? प्रत तपासा

'गाईड म्हणतात झेफिरां झिर्दालवर प्रबंध लिहा, आणि ग्रंथालयातल्या ज्यूल व्हर्नच्या उल्केवरच्या कादंबरीत या नावाचा माणूसच नाही.' तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं ठणकलं. पानं गळलेली नाहीत. तुम्ही टाकलेल्या फोटोतली प्रत २००६ची नेब्रास्का विद्यापीठाची आहे, व्हर्नच्या मूळ मजकुरावरून केलेली. झिर्दाल हे पात्र आहे त्यांच्या मुलाचं, मिशेलचं. वडील १९०५मध्ये गेले, कादंबरी १९०८मध्ये आली. तोवर चिरंजीवांनी १७ प्रकरणांची २१ करून हा हौशी शास्त्रज्ञ आत आणून बसवला होता. मूळ मजकूर छापला गेला थेट १९८६मध्ये.

हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयाला. प्रबंधाच्या नोंदणी अर्जात मी लेखकाच्या रकान्यात बाप-लेक दोघांची नावं लिहिली, अर्ज परत. शीर्षकापुढे साल टाकलं, अर्ज परत. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, 'नाव तेच ना? मग पुस्तक तेच.' रकाना एका लेखकाचा, विषय संपला! अख्खं सत्र त्यात गेलं. एका पात्राचा जन्मदाता कोण, हे अर्जाच्या रकान्याने ठरवायचं?

असो. माझं मत विचाराल तर (मी प्राध्यापक नाही, गाईडचा शब्द अंतिम धरा) दोन्ही मजकूर समोर ठेवल्याशिवाय या विषयाला हात घालू नका. हौशी मंडळी मूळ कथेतही आहेत. व्हर्जिनियातल्या व्हॅस्टन गावचे फोर्साइथ आणि डॉक्टर हडलसन दुर्बिणीतून एकच उल्का बघतात आणि ती आधी कोणाला दिसली यावरून असे भांडतात, की एकाचा भाचा आणि दुसऱ्याची मुलगी यांचं ठरलेलं लग्न टांगणीला लागतं. पण ते नुसते बघे. झिर्दाल पॅरिसच्या र्यू कासेतमधल्या सहाव्या मजल्यावर पसाऱ्यात राहणारा, बुद्धीने अचाट आणि तितकाच आळशी. तो यंत्र बनवून सोन्याची उल्का ग्रीनलंडमध्ये उपर्नाविकजवळ उतरवतो, त्याआधी बँकवाल्या धर्मपित्याकडून तिथली जमीन घेववतो, आणि शेवटी तोच तो गोळा समुद्रात लोटतो.

नायक म्हणून झिर्दाल झकास, वाद नाही. पण कादंबरी मला वडिलांचीच आवडते. तिथे उल्का कोणाच्याच ताब्यात नाही, म्हणून माणसांची हाव जास्त हास्यास्पद दिसते. यंत्र आलं की ती धार जाते.

फुकट मिळणाऱ्या जुन्या इंग्रजी प्रती १९०८च्या मजकुराच्या असतात. त्यात दहावं प्रकरण उघडा, झिर्दाल तिथे भेटेल. आणि कार्यालयात जाण्याआधी गाईडकडून 'मजकूर : १९०८, मिशेलने बदललेला' असं लेखी घ्या, सहीशिक्क्यासकट.