जिमनीला 235/75 चे टायर लिफ्ट किट न लावता बसतील का?

तुझा प्रश्न असा की मारुती जिमनीवर अजून कंपनीचेच टायर आहेत, पावसाळ्यात शेतावर पाणंदीतनं जाताना गाडीचं पोट टेकतं, रविवारी गगनबावडा-राधानगरीकडं फिरणं असतं, तर 235/75 आर 15 टाकले तर लिफ्ट न करता (म्हणजे उंच स्प्रिंगा घालून बॉडी वर न उचलता) चालतंय का.

बसतील भावा. गाडी सपाट फरशीवर, रिकामी आणि स्टेअरिंग सरळ असलं की बसतात. टायरवाला तिथंच दाखवणार, "बघा, बोट जातंय मधनं", आणि तू पैसे देणार. मी असाच दिलेत.

माझी जुनी महिंद्रा थार सीआरडीई, डिझेल. कंपनीचे 235/70 आर 16 होते, मी 245/75 आर 16 चे मड टेरेन (चिखलाचे टायर) टाकले आणि वर बाहेर निघणारी अलॉय डिस्क (चाकाची रिम) घेतली कारण फोटोत भारी दिसत होती. कोल्हापूर ते गगनबावडा काय बी आवाज नाही. करूळ घाट उतरायला लागलो, गाडीत आम्ही सहा जण आणि सामान, आणि पहिल्याच मोठ्या वळणाला खड्ड्यात चाक गेलं की कर्रर्र. खाली येऊन बघतोय तर मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक फाटलेलं आणि टायरच्या खांद्यावर चर पडलेली. लोड, फुल स्टेअरिंग आणि वर आलेलं चाक ही तिन्ही एकदम झाल्याशिवाय टायर घासतोय का नाही ते कळतच नाही. म्हणून बसवल्यावर तिथंच पुढचं एक चाक विटांच्या चवडीवर नाहीतर रॅम्पवर चढवायला लाव, मागं दोन-तीन पोरं बसव आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूला पार शेवटपर्यंत फिरवून बघ. जिमनीत बंपरचा मागचा कोपरा आणि आतल्या बाजूला रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला धरून ठेवणारा दांडा), या दोन जागा बघायच्या.

आता हिशोब. तुझा टायर 195/80 आर 15. 195 मिमी ही रुंदी, बाजूची उंची त्याच्या 80 टक्के म्हणजे 156 मिमी, वर-खाली मिळून 312, आणि 15 इंची डिस्क म्हणजे 381, एकूण 693 मिमी. 235/75 केलास तर 733.5 होतंय. म्हणजे व्यास 40 मिमीनं वाढला, पण गाडी वर उचलली जाणार त्याच्या निम्मी, 20 मिमी. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा तू खरा 84-85 ला असशील आणि किलोमीटर कमी मोजले जातील, म्हणून अ‍ॅव्हरेज पडलंय त्यापेक्षा कमी पडलंय असं वाटणार. आणि मेन म्हणजे सगळे गिअर जवळपास सहा टक्क्यांनी लांब होणार. माझ्या डिझेलला 247 न्यूटन मीटर टॉर्क आहे तरी मला चढाला फरक कळला, तुझ्या पेट्रोलला 134 आहे. भुईबावडा घाट चढताना दुसऱ्यात गाडी रडायला लागली की माझी आठवण येईल.

लिफ्ट किटनं पोट टेकायचं थांबेल असं वाटत असेल तर ते अर्धंच खरं. जिमनीला पुढंमागं दोन्हीकडं सलग अ‍ॅक्सल आहे, लिफ्ट केली की बॉडी वर जाते पण डिफ्रन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलमधला गिअरचा डबा) होता तिथंच राहतो, तो फक्त टायरच्या व्यासानं वर जातो. आणि आपल्या पाणंदीत अडतं काय? उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दोन चाकोऱ्या खोल पाडलेल्या असतात आणि मधला उंचवटा तसाच, तो पहिला त्या गोळ्यालाच लागतो. त्यामुळं एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला असं धरून गाडी घालायची सवय लाव, ते 20 मिमीपेक्षा जास्त कामाला येतं. (जागा असेल तर. बाजूला कुणाचा ऊस असेल तर शिव्या खायची तयारी ठेव.)

दुसरं म्हणजे काळी माती. तिथं साईजपेक्षा नक्षी महत्त्वाची. कंपनीचे रोडचे टायर दोन फेऱ्यात लिंपून गुळगुळीत होतात, मग कितीबी रुंद घे, नुसता लाटणं फिरवल्यासारखा फिरतोय. मड टेरेनचे खाचे मोठे असतात, चिखल फेकून देतात, पण रोज तू शेतात थोडाच आहेस? पावसात ओल्या डांबरावर त्यांचा ब्रेक मला तरी भरवशाचा वाटला नाही आणि हायवेला पुण्याला जाताना जो घूं आवाज येतो त्यात गाणी ऐकायचं विसर.

मी तुझ्या जागी असतो तर 215/75 आर 15 ऑल टेरेन (रोड आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) घेतले असते, कंपनीच्याच डिस्कवर. व्यास 703.5, म्हणजे दीडच टक्का जास्त, गिअर-स्पीडोमीटरची भानगड नाही, लिफ्ट नाही, कापाकापी नाही. उंची फक्त 5 मिमी वाढते हे खरं, पण पकड लई फरकाची मिळते. आणि टायर घ्यायच्या आधी एक फुकटचं करून बघ, चिखलात शिरताना हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरव. टायर पसरतो, गाडी तरंगल्यासारखी निघते. तेवढ्या हवेवर हळू चालवायची, झटक्यात वळवायची नाही, नाहीतर टायर डिस्कवरनं उतरतो, आणि डांबरी लागायच्या आधी परत हवा भरायची. त्यासाठी 12 व्होल्टचा पंप आणि गेज गाडीत ठेव. राधानगरीला मात्र अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालू नको, हे टायर कुठलेबी असले तरी.

तरी 235 च पाहिजेत म्हणालास तर लिफ्ट, थोडी बंपरची छाटणी आणि अलाइनमेंट धरूनच बजेट काढ, आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळव, क्लेमच्या वेळी बदल लपवलेला निघाला तर अडवतात.

आणि टायर पाच घे. मी चारच घेतलेले, स्टेपनी जुनीच. पन्हाळ्याच्या मागच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर मागचा टायर फाटला आणि लहान स्टेपनी लावली, आता चाकांचे व्यास वेगळे म्हणजे फोर बाय फोर टाकता येईना, टाकलं तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. चढ ओला, टू व्हीलमध्ये गाडी चढेना. शेवटी एका मामांनी ट्रॅक्टर लावून वर काढली आणि विचारलं, "एवढं मोठं टायर कशाला लावलंईस मग?"