थिएटरचा आवाज घरी आणायचाय, पण हप्त्यांवर?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको महिन्यातून दोनदा थिएटरला जातो. तिकिटांवर पगाराचे साधारण 2 टक्के जातात. घरच्या साउंडबारवर ती मजा येत नाही, म्हणून 7.1.4 चा (भोवती सात, बासचा एक आणि छतात चार स्पीकर) डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज येणारा संच घ्यायचा विचार आहे. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. अर्धी रक्कम शिल्लकीतून देईन, अर्धी 24 हप्त्यांत. घर भाड्याचं आहे, सिनेमे बहुतेक स्ट्रीमिंगवर बघतो. शिल्लक चार महिन्यांच्या खर्चापुरती आहे. तिकिटांचे पैसे वाचून संच वसूल होईल ना?

उत्तर: नाही होणार. तिकिटांचे 2 टक्के पूर्ण वाचले, तरी तीन पगार भरून यायला 150 महिने लागतील, म्हणजे साडेबारा वर्षं. व्याज न धरताही तुमचा हप्ता पगाराच्या सव्वासहा टक्के पडतो, तिकिटांच्या तिपटीहून जास्त. शिवाय दीड पगार शिल्लकीतून जाणार. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या या पैशाला छंदासाठी हात लावू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. तुम्हालाही तेच सांगेन.

पण चांगला आवाज ऐकावासा वाटणं ही खरी हौस आहे आणि तिच्यासाठी खर्च करायला माझी ना नाही. तो कशावर करायचा, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही 7.1.4 आणि अ‍ॅटमॉसचे पैसे मोजायला निघाला आहात, पण थिएटर आणि घर यांतला मोठा फरक फॉरमॅटचा (आवाज साठवायच्या पद्धतीचा) नाहीच.

35 मिमीच्या फिल्मवर डॉल्बी डिजिटलचा ट्रॅक सेकंदाला 320 किलोबिटचा असायचा. डीव्हीडीवर तोच फॉरमॅट 448 पर्यंत जायचा. म्हणजे नुसते आकडे पाहिले तर घर तेव्हाच पुढे होतं. आज डिजिटल थिएटरमध्ये 24 बिटचा, कॉम्प्रेस न केलेला आवाज वाजतो, तर ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मूळ मिक्समधला एकही बिट गाळत नाही. स्ट्रीमिंगवर मात्र अ‍ॅटमॉस बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो, जास्तीत जास्त 768 किलोबिटच्या आसपास, आणि त्यात काटछाट झालेली असते. अ‍ॅटमॉसमध्येही फरक आहेच. थिएटरमध्ये 128 पर्यंत ट्रॅक आणि 64 पर्यंत स्पीकर आउटपुट असतात, घरासाठी ते ट्रॅक एकत्र करून मोजक्या गटांत बसवले जातात. पण तुम्हाला साउंडबारवर जे हुकतंय, ते या काटछाटीमुळे नाही.

ते हुकतं आवाजाच्या पातळीमुळे आणि घरातल्या खोलीमुळे. थिएटरमध्ये प्रत्येक मुख्य चॅनल 85 डेसिबलला लावलेला असतो, वरचे झटके 105 पर्यंत जातात आणि बासचा चॅनल त्याहूनही वर. स्पीकर छिद्रं असलेल्या पडद्यामागे असतात, त्यामुळे संवाद थेट पात्राच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. भाड्याच्या घरात भिंतीपलीकडे शेजारी असताना तुम्ही 105 डेसिबल कधी लावणार? मग तेवढी ताकद असलेल्या संचाचे पैसे का भरायचे?

बासचं गणित आणखी वेगळं. 20 हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे 17 मीटर असते. घरच्या खोलीत ती भिंतींवर आपटून परतते, त्यामुळे एका कोचावर बास घुमतो आणि दोन फूट सरकलात की गायब होतो. हे महागड्या सबवूफरनेही (बासच्या खास स्पीकरनेही) आपोआप सुटत नाही. साधा उपाय असा: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एकच बास सूर वाजत ठेवा आणि कान जमिनीजवळ नेऊन भिंतीकडेने हळूहळू सरका. जिथे तो घुमल्याशिवाय भरीव ऐकू येईल, तिथे सबवूफर न्या. जाड गालिचा आणि पडदेही ऐकणं सुधारतात, आणि घर बदललं तरी बरोबर नेता येतात. छतात भोकं पाडून लावलेले चार स्पीकर तसे सहज हलवता येत नाहीत, घरमालकाची परवानगी लागेल ते वेगळंच.

माझं मत असं: हप्ते घेऊ नका. जे सव्वासहा टक्के भरायची तयारी आहे, तेच दरमहा वेगळ्या खात्यात टाका. सोळा महिन्यांत एक पगार जमेल, म्हणजे तुमच्या बजेटचा एक तृतीयांश. त्यात समोरचे तीन चांगले स्पीकर, एक सबवूफर आणि मध्यम रिसीव्हर (आलेला आवाज उलगडून स्पीकरना पुरवणारं यंत्र) बसवा. पैसा स्पीकरवर जास्त घाला, कारण साधे स्पीकर वर्षानुवर्षं चालतात. रिसीव्हर लवकर जुना होतो, कारण फॉरमॅट आणि पोर्ट बदलत राहतात. अ‍ॅटमॉस थिएटरमध्ये 2012 ला आलं आणि 2014 ला घरी पोचलं, त्याआधीच्या रिसीव्हरना ते वाजवता येत नव्हतं.

टीव्ही बदलायची गरज नाही. डॉल्बी डिजिटल प्लस साध्या एआरसीमधूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने बाहेर नेणाऱ्या सोयीतूनही) रिसीव्हरपर्यंत जातं. उद्या ब्लू-रे प्लेअर घेतलात, तर तो सरळ रिसीव्हरला जोडा, म्हणजे ईएआरसीचा (एआरसीच्या नव्या, जास्त क्षमतेच्या रूपाचा) प्रश्नच येणार नाही.

थिएटरला जाणं बंद करू नका. मोठ्या आवाजाचे सिनेमे तिथेच बघा, 2 टक्क्यांत ते स्वस्तच पडतं. मागचे आणि वरचे स्पीकर स्वतःचं घर झाल्यावर घ्या, आणि तेव्हाही शिल्लक किमान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी झालेली असेल तरच.