चॅट्सवर्थला (डर्बीशायर, इंग्लंड) जाणार आहोत. हवेलीचं तिकीट न काढता फक्त बाग आणि पार्क बघता येतं का?

हो, येतं. डरवेंट नदीकाठच्या पार्कमध्ये फिरायला पैसे लागत नाहीत, फक्त गाडी लावायचे लागतात. १०५ एकरांच्या बागेचं मात्र वेगळं तिकीट आहे. मी शेफील्डला राहतो, तीन-चारदा गेलोय. माझं मत विचाराल तर हवेली सोडा, बाग सोडू नका. तिथलं एम्परर कारंजं इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने १८४४ साली रशियाच्या झारच्या संभाव्य भेटीसाठी उभारलं. पंप नाही, वरच्या टेकडीवर खास तलाव खोदला आणि नुसत्या उताराच्या दाबावर पाणी उडवलं, जोरात असेल तर जवळपास ९० मीटर. झार आलाच नाही! (जळगावची जी-९ केळी ज्या कॅव्हेंडिश गटातली, त्याला नाव या हवेलीच्या मालक कॅव्हेंडिश घराण्याचं, पॅक्स्टनने इथल्याच काचघरात ते केळं वाढवलं होतं.)

एक लक्षात ठेवा: कारंजं रोज पूर्ण जोरात नसतं, वारा असला की कमी करतात. पायऱ्यांवरून पाणी उतरणारा जुना कॅस्केडही दुरुस्तीमुळे बंद असू शकतो, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या. पार्कात मेंढ्या मोकळ्या चरतात, बूट जुनेच घाला.