‘स्किन कलर’ म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. चित्रातला प्रत्येक चेहरा फिकट गुलाबी खडूनेच रंगवते. ती स्वतः सावळी आहे, तरी स्वतःचं चित्रही तसंच काढते. ‘हाच स्किन कलर’ म्हणते. तिला कसं समजवावं?

आधी समजावू नका, तिच्याकडून तिच्या हाताचा रंग तयार करून घ्या. त्या खडूला हे नाव मोठ्यांनीच दिलेलं आहे. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने अशाच एका खडूचं ‘फ्लेश’ हे नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केलं आणि २०२० मध्ये त्वचेच्या २४ छटांचा संच काढला. पण २४ काय किंवा ४८ काय, तयार खडूपेक्षा मुलाने स्वतः कालवलेला रंग जास्त शिकवून जातो.

पोस्टर कलर घ्या : पिवळा, लाल, अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा. काळ्याची बाटली लपवूनच ठेवा. चार भाग पिवळ्यात दोन भाग लाल मिसळला की नारिंगी होतो. त्यात ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच निळा घाला. नारिंगी हळूहळू विझत तपकिरी होताना मुलं अगदी टक लावून बघतात; तिथे घाई करू नका. सगळ्यांच्या त्वचेचे रंग या तपकिरीतूनच निघतात. गडद छटेसाठी आणखी थोडा निळा आणि लाल घाला. फिकट हवी असेल तर मात्र उलट करा : पांढरा घेऊन त्यात थेंबथेंब तपकिरी घाला. तपकिरीत पांढरा ओतत बसलात तर वाटी भरते, पण छटा हाती लागत नाही.

आता मुलीला तिचा हात नीट बघू द्या. मनगटाची आतली बाजू, कोपर, बोटांची पेरं, तळवा : एकाच हातावर चार-पाच रंग सापडतील. राखाडी पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडून ते त्वचेवर ठेवा. पांढऱ्या कागदाशेजारी त्वचा आहे त्यापेक्षा गडद भासते, तसं राखाडीत होत नाही. रंग कागदाच्या कडेला लावा, वाळू द्या आणि मगच ती कड हाताला लावून ताडा, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. हे सगळं दिवसा, खिडकीपाशी करा. पिवळ्या दिव्याखाली हमखास फसाल.

प्रश्न : आमचा रंग कधी हिरवट होतो, कधी राखेसारखा. काय चुकतं?

हिरवट झाला तर बहुधा लेमन यलो वापरला असेल, निळा जास्त पडला असेल किंवा गडद करायला काळा घातला असेल. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी रंग येतो. लाल घालून तो सावरता येतो. राखेसारखा झाला तर पांढरा जास्त झाला आहे. त्यात थोडा पिवळा-लाल घाला. निळ्यातला प्रशियन ब्लू हा प्रकार फार जोरकस असतो, एक टिपकाही वाटी बिघडवतो. दोन-तीनदा सावरूनही जमलं नाही, तर त्यातला एक चमचा रंग बाजूला काढून नव्याने सुरुवात करा.

प्रश्न : वर्गात हाच उपक्रम घेताना एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, ‘तुझा रंग घाण आहे.’ अशा वेळी काय करावं?

तिथल्या तिथे, शांतपणे पण स्पष्ट बोला : ‘घाण धुतली की जाते. हा मेलॅनिनचा रंग आहे, तो तुझ्याही त्वचेत आहे.’ मेलॅनिन म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत साधारण सारखीच असते. त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात, यावर रंग ठरतो. हे आठ वर्षांच्या मुलाला नीट कळतं. ज्याला बोललं गेलं त्याच्याजवळ नंतर एकट्याने बसा. ‘सावळा असलास तरी छान दिसतोस’ असं चुकूनही म्हणू नका. त्यातला ‘तरी’ मुलांना बरोबर ऐकू येतो.

प्रत्येकाने आपला रंग कागदाच्या पट्टीवर लावून त्याचं प्रमाण पट्टीच्या मागे लिहावं : ‘पिवळा ४, लाल २, निळा २ टोकं, पांढरा १’. नावही स्वतःच द्यावं : ओली माती, जुनं लाकूड, तांब्याचं भांडं. दुसऱ्याच्या रंगाला नाव द्यायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगा. पट्ट्या भिंतीवर लावताना फिकट ते गडद अशी उतरंड करू नका, हजेरीपटाच्या क्रमाने लावा.