कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा पाया कोणी घातला?

एकच नाव घ्यायचं तर मी फ्रान्सच्या शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूंचं घेईन. त्यांच्याआधी, १६व्या शतकात, स्पेनमध्ये पेद्रो पोन्से द लिऑन यांनी कर्णबधिर मुलांना शिकवलं होतं, पण ती उमरावांची मुलं. लेपेंनी १७६०च्या सुमारास पॅरिसमध्ये गरिबांच्या मुलांसाठीही मोफत शाळा उघडली.

पॅरिसमधल्या दोन कर्णबधिर बहिणींपासून त्यांचं काम सुरू झालं. मुलं आपसात हातांनी बोलतात हे त्यांनी पाहिलं, आणि मुलांना ते सोडायला लावण्याऐवजी स्वतःच ते शिकून घेतलं. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. फ्रेंच व्याकरणासाठी त्यांनी वेगळ्या खुणाही जोडल्या. त्या मात्र फार लांबलचक होत्या आणि पुढे मागे पडल्या.

१७८९मध्ये ते गेले. दोन वर्षांनी शाळा सरकारने चालवायला घेतली. याच शाळेत शिकलेले लॉरां क्लेर्क, जे स्वतः कर्णबधिर होते, १८१६मध्ये अमेरिकेला गेले. १८१७मध्ये थॉमस गॅलॉडेट या अमेरिकन शिक्षकासोबत त्यांनी तिथल्या हार्टफर्ड शहरात कर्णबधिरांची शाळा सुरू केली. अमेरिकन सांकेतिक भाषेत आजही फ्रेंच खुणांचा मोठा वाटा आहे, तो यामुळेच.